पाणी कुठं मुरतं?

मिनेसोटात दिवाळीच्या सुमारास बोटी पाण्याबाहेर निघतात. कोकणात नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या समुद्रात लोटतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या या राज्यात हेच चक्र उलटं फिरतं. मे महिन्यात बोटी पाण्यात पडतात, ऑक्टोबर संपता संपता बाहेर येतात आणि भर हिवाळ्यात त्याच तळ्यांवर बर्फाचा थर इतका जाड होतो, की मासे धरायला निघालेली माणसं त्यावरून चारचाकी घेऊन जातात.

या राज्यात दहा एकरांहून मोठी तळी 11,842 आहेत. मोटारींच्या नंबरप्लेटवर मात्र आकडा नम्रपणे 10,000 एवढाच छापलेला असतो. नोंदणी झालेल्या बोटी आठ लाखांहून अधिक. पाण्यावरचं स्कीइंग जन्मलं तेही इथंच, 1922 साली, लेक पेपिनवर. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणानं दोन फळ्या पायाला बांधून ते करून दाखवलं. लिटल फॉल्स या गावात पॉल लार्सननं 1913 पासून बोटी बांधल्या, न्यू यॉर्क मिल्स या छोट्या गावात हॉवर्ड लुंडनं 1948 साली ॲल्युमिनियमच्या बोटींचा कारखाना काढला. तेव्हा बोट ही इथं धनवंतांची चैन नव्हे. शाळेतला शिक्षक, नळदुरुस्तीवाला, इस्पितळातली नर्स, कोणाच्याही आवारात ताडपत्रीखाली एक सोळा फुटी बोट ट्रेलरवर उभी असते, आणि ती बऱ्याचदा तिच्या मालकाच्या मुलांपेक्षा वयानं मोठी असते.

जुन्या बोटी इतक्या टिकतात याचं कारण त्यांचं अंग. काचतंतू आणि रेझिनचं फायबरग्लास कुजत नाही. गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम पन्नास वर्षंही सहज काढतं. पण बोट म्हणजे निव्वळ अंग नव्हे. तिच्या पोटात लाकूड असतं, फोम असतो, रबर असतं, तारा असतात, मागे इंजिन आणि खाली ट्रेलर असतो; आणि या प्रत्येकात पाणी आपली वाट शोधत असतं. बोटीला लाटांनी घायाळ केल्याची उदाहरणं थोडी. आत शिरून वर्षानुवर्षं बसलेल्या पाण्यानं संपवलेल्या बोटी गावोगावच्या आवारात पडलेल्या आहेत. जुनी बोट दुरुस्त करणं म्हणजे पाणी कुठं मुरतंय ते शोधून काढणं, बाकी सगळं त्यामागून येतं.

थंडीच्या आधीची कामं याच शोधाची असतात. बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन बहुधा मोटारगाडीच्या घराण्यातलं असतं. मर्क्युरी कंपनीच्या मर्क्रूझर इंजिनांत जनरल मोटर्सचा तीन लिटरचा चार सिलिंडरी किंवा 5.7 लिटरचा व्ही-8 ब्लॉक सर्रास सापडतो. मोठा फरक थंड करण्याच्या पद्धतीत. गाडीला रेडिएटर असतो. इथं तळ्यातलंच पाणी पंपानं खेचायचं, ब्लॉकमधून फिरवायचं आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर टाकायचं. हंगामभर ही सोय उत्तम चालते. पण ते पाणी ब्लॉकमध्ये राहिलं आणि पारा उणे वीसवर गेला, की खेळ आटोपला. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि त्या जोरापुढे बीडाचं लोखंड तडकतं. तडा बऱ्याचदा बाहेरून दिसतही नाही. वसंतात इंजिन सुरू होतं आणि तासाभरात डिपस्टिकवर तेलाऐवजी कॉफीच्या रंगाचा फेसाळ लगदा येतो.

म्हणून शरद ऋतूत मेकॅनिक ब्लॉकचे प्लग काढतो. व्ही-8 असेल तर दोन्ही बाजूंना एकेक आणि दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डांना एकेक. इथं नवखा माणूस हमखास फसतो. प्लग काढला, पाणी आलं नाही. त्याला वाटतं, आत काही उरलेलंच नाही, आणि तो प्लग परत लावून टाकतो. जुन्या इंजिनात गंजाचे पापुद्रे आणि तळ्याची वाळू नेमकी त्या भोकामागे येऊन बसलेली असते. मुरलेला माणूस एक ताठ तार घेतो, भोकात घालतो, फिरवतो, ढोसतो. आधी तपकिरी गाळाचा थेंब येतो, मग बोटाएवढी गढूळ धार लागते आणि खालची बादली पाहता पाहता भरत जाते. दहा-वीस रुपयांची तार आणि पाच मिनिटं. त्यावर काही हजार डॉलरचं इंजिन वाचतं किंवा जातं. त्यानंतर गुलाबी रंगाचं प्रॉपिलीन ग्लायकॉल आत सोडतात. गाडीत वापरतात ते हिरवं अँटीफ्रीझ मात्र इथं वर्ज्य, कारण वसंतात पहिल्यांदा इंजिन चालू झालं की आतलं सगळं तळ्यात जातं, आणि ते विषारी असतं.

मागे लटकणारं आऊटबोर्ड इंजिन या बाबतीत सुखी. ते उभं सरळ ठेवलं की त्यातलं पाणी आपल्या आपण उतरून जातं. म्हणूनच उत्तरेकडच्या थंड राज्यांत जुन्या आऊटबोर्डांचं आयुष्य चकित करण्याइतकं मोठं असतं.

आऊटबोर्डाचा इतिहासही याच मुलखातला, शेजारच्या विस्कॉन्सिनचा. नॉर्वेहून लहानपणी आलेला ओल एव्हिनरूड हा मिलवॉकीत साचे बनवणारा कारागीर. 1906 च्या उन्हाळ्यात ओकाउची तळ्यावर सहलीला गेले असता पुढे त्याची बायको झालेल्या बेससाठी तो आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला आणि परत येईतो ते वितळलं, तेव्हा त्याच्या डोक्यात होडीच्या पाठीला बसणाऱ्या इंजिनाची कल्पना आली, असं सांगतात. कथा खरी असो वा रंगवलेली, 1909 साली त्याचं दीड अश्वशक्तीचं, 28 किलो वजनाचं इंजिन बाजारात आलं, आणि बेसनं स्वतः जाहिराती लिहून ते खपवलं. त्याआधीही काहींनी असे प्रयोग केले होते, पण धंदा उभा राहिला तो या नवरा-बायकोचा. पुढे जॉन्सन बंधूंचं हलकं इंजिन आलं, दोन्ही घराणी 1936 साली आऊटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, म्हणजे ओएमसी, या एका छत्राखाली आली. कार्ल कीकहेफरनं 1939 साली सीडरबर्गचा बुडीत कारखाना विकत घेतला आणि त्यातून मर्क्युरी उभी राहिली. अर्धं शतक या दोघांच्या चुरशीत गेलं.

डिसेंबर 2000 मध्ये ओएमसीनं दिवाळं जाहीर केलं. बोंबार्डियेनं इंजिनांचा धंदा घेतला, चालवला, आणि मे 2020 मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन कायमचं थांबलं. 111 वर्षांचं नाव संपलं. तरीही 1970 च्या दशकातलं जॉन्सन इंजिन आज एखाद्या गॅरेजात उघडलं जातं तेव्हा त्याचे भाग मिळतात. हे कसं? कंपनीनं एकच रचना वर्षानुवर्षं चालू ठेवली होती, इंजिनं प्रचंड खपली होती, आणि गॅस्केट, कार्ब्युरेटरचे संच, पाण्याच्या पंपाचे भाग बनवणारे तिसरेच कारखाने अजून टिकून आहेत. ज्या यंत्राचा पाना आणि पुस्तक सामान्य माणसाच्या हाती असतं, ते यंत्र त्याच्या कंपनीपेक्षा जास्त जगतं. आजच्या संगणकबद्ध इंजिनांबद्दल पन्नास वर्षांनी असं म्हणता येईल का, याची शंका वाटते.

भाग मागवायचा तर इंजिनाचं वर्ष कळायला हवं. ओएमसीनं 1980 पासून त्यासाठी एक मजेदार सोय केली होती. इंग्रजीतला 'इन्ट्रोड्यूसेस' हा शब्द दहा अक्षरांचा, आणि त्यात एकही अक्षर दोनदा येत नाही: आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस. त्यांना क्रमानं 1 ते 9 आणि शेवटी 0 असे अंक दिले. मॉडेल नंबरात 'सी-ओ' दिसलं की ते 85 सालचं, 'ई-डी' दिसलं की 96 सालचं. जुन्या इंजिनांच्या बाजारात उभा राहिलेला जाणता माणूस झाकणावरचं रंगकाम बघत नाही, ब्रॅकेटवरची पट्टी पुसून ही दोन अक्षरं आधी वाचतो.

आऊटबोर्डात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक भाग म्हणजे पाण्याच्या पंपातला रबरी पंखा. इंजिनाच्या खालच्या भागात बसून तो तळ्याचं पाणी वर चढवतो. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंद चाललं तरी त्याच्या पाकळ्या भाजतात. नुसतं उभं राहिल्यानंही त्या वाकलेल्या आकारात कडक होतात. दोन-तीन वर्षांत तो बदलायचाच. इंजिनाच्या मागून बाहेर पडणारी बारीक धार हा तो नीट चालत असल्याचा पुरावा. धार मंदावली, तुटक झाली, तर इंजिन तिथल्या तिथं बंद करणारा माणूस आपलं इंजिन वाचवतो.

खालच्या गिअरचं तेल हा दुसरा साक्षीदार. तेल दुधाळ निघालं म्हणजे सील गेलं. बहुतेक वेळा दोषी असतो मासे धरायचा नायलॉनचा दोरा. प्रॉपेलरमागे तो गुंडाळला जातो, शाफ्टच्या कडेनं आत घुसतो आणि सील कापतो. तेल भरायची रीतही उलटी: खालच्या भोकातून पंपानं भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालची नळी काढायची. वरून ओतलं तर हवा आत अडकते.

पेट्रोलचं दुखणं नवं आहे. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं. ते ओल धरतं, आणि ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करून बसतात, नेमके इंधनाची नळी जिथून खेचते तिथं. त्याहून जास्त इथेनॉलचं पेट्रोल बोटींच्या इंजिनात वापरायला तिथं मनाई आहे. भारतातल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. तारकर्लीपासून मांडवीपर्यंत पेट्रोलवर चालणारं जुनं आऊटबोर्ड ज्यांच्याकडे असेल, त्यांनी इंजिनाच्या पुस्तकातली मर्यादा एकदा वाचावी, इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नये. खाऱ्या पाण्यात एक काम आणखी वाढतं: प्रत्येक फेरीनंतर इंजिनातून गोडं पाणी फिरवणं. आणि इंजिनाला लावलेले बळीचे धातूचे तुकडे, जे स्वतः झिजून बाकीच्या ॲल्युमिनियमला वाचवतात, तेही पाण्याप्रमाणे निवडावे लागतात. खाऱ्या पाण्यात जस्त, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम.

आता बोटीकडे. फायबरग्लासच्या जुन्या बोटीत पहिली शंका घ्यायची ती ट्रान्समची, म्हणजे जिच्यावर इंजिन लटकतं त्या मागच्या भिंतीची. बाहेरून ती गुळगुळीत फायबरची दिसते. आत बहुतेक जुन्या बोटींत प्लायवुड असतं. कोणीतरी कधीतरी खोली मोजायच्या यंत्रासाठी तिथं दोन स्क्रू मारलेले असतात आणि भोकांना सीलंट लावायचं राहून गेलेलं असतं. एवढ्यावर काम होतं. पाणी थेंबाथेंबानं प्लायवुडच्या थरांत शिरतं, वीस वर्षांत लाकडाचा भुगा होतो, आणि सव्वाशे-दीडशे किलोचं इंजिन दोन पातळ पापुद्र्यांच्या भरवशावर लटकत राहतं.

तपासणी साधी. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं भिंत ठोकत जायचं. चांगल्या लाकडावर टणक, खणखणीत आवाज येतो. कुजलेल्या जागी तो बसतो, मऊ होतो. दुसरी परीक्षा हाताची: इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली दाबायचा आणि मागच्या भिंतीवर नजर ठेवायची. ती हलली, कडेला बारीक तडे उघडले, तर बोटीची किंमत तिथंच अर्ध्यावर येते.

दुरुस्ती होते, पण ती कष्टाची आहे. आतला पापुद्रा कापायचा, काळं पडलेलं ओलं लाकूड छिन्नीनं कोरून काढायचं, नवं मरीन प्लायवुड मापानं कापून रेझिननं चिकटवायचं, त्यावर कापडाचे थर चढवायचे. सांध्याची कड घासताना उतार लांब ठेवतात, जाडीच्या बारापट. जोड तुटतो तो उतार कमी ठेवल्यानंच. घासताना उडणारी काचेची धूळ कपड्यांत, मानेवर, मनगटावर बसते आणि दिवसभर खाजवते. मास्कशिवाय हे काम करणं म्हणजे फुप्फुसांशी वैर. जमिनीखालचा फोमही असाच फसवा. बोट उलटली तरी तरंगावी म्हणून तो भरलेला असतो, पण दशकानुदशकं ओलीत राहून तो पाणी पितो. बोट दिसते तशीच, वजन मात्र शेकडो किलो वाढतं. शहाणे लोक अशी बोट घेण्याआधी ट्रकच्या वजनकाट्यावर चढवतात आणि आकडा कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहतात.

ॲल्युमिनियमच्या बोटीचं दुखणं रिव्हेटांचं. लाटांच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. गळका रिव्हेट शोधायचा तर काम उलटं करायचं: ट्रेलरवर बोटीला नीट आधार देऊन आतच थोडं पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं. जिथं थेंब लोंबतो तिथं खडूची खूण. मग दोन माणसं लागतात. एक बाहेरून रिव्हेटच्या माथ्यावर हवेचा हातोडा धरतो, दुसरा आत उताणा पडून शेपटाला लोखंडाचा जड ठोकळा दाबतो. हातोड्याचा तडतडाट सुरू झाला की बोलणं ऐकू येत नाही. आतल्या माणसाला ठोकळ्याच्या थरथरीवरूनच कळतं, शेपूट पुरेसं चेपलं की नाही.

याच बोटींचं एक नुकसान चांगल्या हेतूनं होतं. जुनी लाकडी जमीन कुजली म्हणून मालक दुकानातून 'न कुजणारं' प्रक्रिया केलेलं लाकूड आणतो. 2004 च्या आसपासपासून घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिकऐवजी तांब्याचं प्रमाण वाढलं. ओलाव्यात ते तांबं ॲल्युमिनियमला खातं. काही हंगामांत पत्र्याला टाचणीएवढी भोकं पडू लागतात.

विजेच्या कामात काटकसर जिवावर बेतते. मोटारगाडीच्या दुकानात मिळणारा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बोटीच्या इंजिनाला बसतो आणि स्वस्तही पडतो. पण बोटीचे हे भाग आतली ठिणगी बाहेर जाऊ नये असे बांधलेले असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीखालून ती निघून जाते, बोटीच्या तळात साचून राहते. म्हणून तिथं इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा चालवून तळ हवेशीर करायची शिस्त आहे. या एका जागी जुगाड नको म्हणजे नको.

ट्रेलरकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष असतं, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या बोटींचं कारण बहुधा तोच असतो. तासभर महामार्गावर धावून चाकाचे हब तापलेले असतात. मालक थेट घाटावर येतो आणि ट्रेलर मागे घेत गार पाण्यात बुडवतो. हबमधली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके येतात, आणि पुढच्या लांबच्या प्रवासात चाक धूर काढतं. घाटावर पोचल्यावर हब निवू द्यावेत, वर्षातून एकदा बेअरिंग काढून, धुऊन, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांच्या फटींत ते दाबून भरावं, आणि सील नवं घालावं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, मग थोडा मागे घ्यायचा, स्प्लिट पिन घालायची. वाटेत थांबलं की हबला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक, हात टेकवत नसेल तर पुढं जाऊ नये. टायरची नक्षी नवी दिसते म्हणून फसू नये: कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचा टायर धावून झिजत नाही, उन्हात उभा राहून तडकतो. आणि दिवे लागत नसतील तर बल्ब बदलण्याआधी पांढरी अर्थिंगची तार साफ करावी. निम्म्याहून अधिक तक्रारी तिथंच मिटतात.

मिनेसोटात बोट रस्त्यानं नेताना तळाचा बूच काढलेलाच असावा असा कायदा आहे. 1988 साली लेक सेंट क्लेअरमध्ये सापडलेला झेब्रा शिंपला साचलेल्या पाण्यातून तळ्यातळ्यांत पसरत गेला, त्याला आवर घालायला हा नियम. त्याची दुसरी बाजू घाटावर दिसते. दर वर्षी पहिल्या गरम शनिवारी कोणी ना कोणी बूच लावायचा विसरून बोट पाण्यात सोडतो. अनुभवी माणसं म्हणून बूच गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवतात.

हे सगळं शिकवणारी माणसं आहेत, हा या छंदाचा भाग्याचा भाग. अँटिक आऊटबोर्ड मोटर क्लब 1965 पासून जुनी इंजिनं जिवंत ठेवतोय. मेळाव्यांत पिंपात पाणी भरून शंभर वर्षांपूर्वीची इंजिनं सुरू करतात. लाकडी बोटींसाठी 1975 पासून अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी आहे. न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये क्रिस-क्राफ्ट कंपनीचं दप्तर जपलेलं आहे, त्यात बोटींची मूळ कार्डं आहेत. आपल्या बोटीचा नंबर कळवला तर ती कारखान्यातून कोणत्या इंजिनासह आणि कोणत्या रंगात निघाली, ते मालकाला कळू शकतं.

जिला कोणी वाली उरत नाही, त्या बोटीचं काय, हा प्रश्न मात्र अवघड आहे. फायबर कुजत नाही हाच गुण तेव्हा दोष ठरतो. वितळवून पुन्हा वापरता येत नाही, कचराभूमीत टाकायला पैसे पडतात, म्हणून लोक बोटी खाडीत किंवा रस्त्याकडेला सोडून देतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी अशा नकोशा बोटी मालकांकडून ताब्यात घेऊन मोडायची सरकारी योजना काढली. आज चालू असलेल्या बोटी आणखी वीस वर्षं चालवणं हा त्यावर सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मिनिॲपोलिस–सेंट पॉलच्या आसपास आता मराठी घरं बरीच आहेत, आणि तळ्याकाठी घर घेतलं की बोटीचा विषय निघतोच. तेव्हा आवारात 'फुकट' अशी पाटी लावलेली बोट दिसली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आठवावी. ॲल्युमिनियमची सोळा फुटी बोट, तिच्यावर सुटं आऊटबोर्ड आणि विकणाऱ्याच्या नावावर कागद असलेला ट्रेलर मिळत असेल, तर तीस वर्षांची असली तरी घ्यावी. फायबरची बोट ट्रान्सम ठोकून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पोटात इंजिन असलेली घ्यायची तर गेल्या हिवाळ्याआधी पाणी कोणी काढलं, ते विचारून डिपस्टिक स्वतः काढून बघावी. आणि ओएमसीचा जुना स्टर्नड्राइव्ह (इंजिन पोटात, प्रॉपेलर मागच्या भिंतीबाहेर), ज्याचे भाग आता दुर्मिळ झाले आहेत, तो विकणाऱ्यानं सोबत ट्रेलर देऊ केला तरी घेऊ नये.